जनरल डब्याकडचं गेट

काल चार वाजता मी रशीदभाईंशी खोटं बोलले. आज सकाळी साडेसहाला ते गेले.

गेले म्हणजे काय, हे अजून डोक्यात शिरत नाहीये. काल हा माणूस माझ्यासमोर बसून चहात खारी बुडवून खात होता!

सकाळच्या गाडीसाठी ऑटो पुसत होते. काच अर्धी पुसली आणि तिथंच खाली बसले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

जे त्यांना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. रशीदभाई नांदुरा स्टेशनवर ऑटो चालवायचे. वय साठच्या आसपास.

मी मेहकरची, एका कन्सल्टंटकडे प्लॅनर. स्टेशनशेजारच्या मोकळ्या जागेत इलेक्ट्रिक शटल बसचा तळ करायचा आहे. तिथं चार्जिंग, तिकीट खिडकी, आणि तिथून एसटी स्टँड, पुढं मोताळा, रोहिणखेड अशा जोडण्या. त्याचं ड्रॉइंग माझ्याकडे.

लोकांना प्लॅन दाखवायच्या मीटिंगला ऑटोवाले घोळक्यानं आले. मला वाटलं, झालं आता. आमच्या पोटावर पाय देता म्हणून ओरडणार. मी उत्तरं पाठ करूनच गेले होते.

रशीदभाई उठले. "म्याडम, रेल्वे आल्यावर तुमची शटल किती टायमानं सुटते?"

"सात मिनिटांनी."

"जनरल डब्बा कुठं लागते, माहीत हाय?"

नव्हतं माहीत. मी कायम एसीनं जाते. अख्खा हॉल हसला. असा राग आला होता म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला प्लॅटफॉर्मच्या पार शेवटच्या टोकाला नेऊन उभं केलं. हातात तुरीच्या डाळीची पिशवी दिली, चांगली दहा किलोची.

"चाला आता मेन गेटपर्यंत. पळाचं नाही. म्हातारी बाई चालते तसं चाला."

मी घामाघूम होऊन पोचले. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"गेली बाप्पा तुमची शटल!"

त्यांचा स्वतःचा एक नियम होता. जनरल डब्यातलं शेवटचं माणूस बाहेर येईपर्यंत ऑटो हलवायचा नाही. बाकीचे ऑटोवाले त्यांना 'लास्ट डब्बा' म्हणून चिडवायचे. ते हसायचे आणि थांबायचे.

मग मी ड्रॉइंगमध्ये त्या टोकाला दुसरं गेट टाकलं. जनरल डब्यातून उतरलं की समोर शटल.

"पण भाई, शटल आली तर तुमच्या धंद्याचं काय?" मी विचारलं होतं.

"ते आमी पाहून घेऊ. माही लेक शबाना पोराले कडेवर घेऊन अकोल्याहून त्याच डब्यातून येते. तिले पळा नाही लागलं पायजे, बस."

गेल्या आठवड्यात ऑफिसनं ते गेट काढलं. तिथं दोन चार्जर जास्त बसतात म्हणे.

मी "ओके सर" म्हटलं. भांडले नाही. मीटिंग लवकर संपावी, एवढंच वाटत होतं.

काल भाईंनी विचारलं, "आपलं गेट हाय ना, म्याडम?"

"आहे ना भाई."

किती सहज बोलले मी!

"मंग झालं!" म्हणाले, आणि माझ्या बशीतली उरलेली खारीसुद्धा उचलून खाल्ली.

आज त्यांच्या घरी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. शबाना अजून रेल्वेत होती आणि गाडी लेट. एक म्हातारे चाचा म्हणत होते, मय्यतीला इतका उशीर बरा नाही, नमाजची वेळ निघून जाईल.

तेवढ्यात ऑटोवाल्यांतला इम्रान पुढं आला.

"चाचा, भाईनं लास्ट डब्बा सोडून कवा गाडी हालवली का?"

चाचा मान हलवत परत खुर्चीवर बसले.

शबानाला आणायला घरातल्या बायकांनी मला पाठवलं. इम्राननं रशीदभाईंचाच ऑटो काढला. काच अर्धी चकचकीत, अर्धी धुळीनं भरलेली. त्यानं ती तशीच राहू दिली.

सवयीनं मी मेन गेटवर थांबले. गर्दी आली, गेली. शबाना नाही.

मग लांब, पार त्या टोकाला दिसली. कडेवर पोरगं, हातात बॅग. पळत होती.

मीही पळाले. बॅग घेतली.

"अब्बूले नेलं का?"

"नाही गं. थांबलेत तुझ्यासाठी."

ती तशीच धापा टाकत चालत राहिली. मग म्हणाली, "कालच फोन आल्ता त्यायचा. म्हणे, पुढं तुले असं पळा नाही लागणार. इकडूनच गेट होऊन राह्यलं."

मी बॅग दुसऱ्या हातात घेतली. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शबानानं अब्बूंचं तोंड पाहिलं. मगच जनाजा उचलला.

चार वाजता मी लॅपटॉप उघडला. दोन चार्जर उडवले, गेट परत टाकलं. सरांना फोन केला. म्हटलं, गेट नको असेल तर माझं नाव काढा आणि दुसऱ्या कुणाची सही घ्या.

सर म्हणाले, "पाठव."

उद्या ड्रॉइंग जमा होतंय, भाई. गेट आहे. आता खरंच आहे.

कालच्यासाठी माफ करा मला.

लास्ट डब्बा उतरला. शबाना पोचली.

निघा आता तुम्ही.