खिडकीखालची वाट

स्कीच्या वाटा आखायचं काम गावात गुडवाइगकडे होतं. पट्ट्यांवर चालणारं लाल यंत्राचं धूड घेऊन ती पहाटे निघायची. लोक उठेपर्यंत रानातून, तळ्याकाठून, थेट वरच्या लाकडी झोपड्यांपर्यंत बर्फात दोन समांतर चर उमटलेले असायचे. वाट तिच्याच घराच्या खिडकीखालून जायची. जाणारे काठी उंचावून तिला हाक मारायचे. तिला ते आवडायचं.

माणसाचं काहीही बिघडलं, तरी त्या गावात औषध एकच होतं, बाहेर पड. झोप येत नाही, बाहेर पड. नवरा सोडून गेला, बाहेर पड. यात खोटं काही नव्हतं. गुडवाइगचे वडील समुद्रात बुडाले तेव्हा तिच्या आईने अंथरूण धरलं होतं. शाळकरी गुडवाइग तिला रोज ओढून डोंगरावर न्यायची, आणि उन्हाळ्यापर्यंत आई पुन्हा शेजाऱ्यांशी भांडायला लागली होती. अंग हललं की मन हलतं, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

म्हणूनच योरुनच्या बाबतीत ती चुकली.

योरुन तिची एकुलती एक मुलगी. शहरात शिकायला गेली आणि पानगळीच्या दिवसांत दुखरा घसा, मानेला गाठी आणि ताप घेऊन घरी परतली. ताप उतरला, थकवा मात्र राहिला. जिना चढली की दुसऱ्या दिवशी तिला शब्द सापडत नसत. "आई, ते दे ना... पाणी तापवतो ते..." किटली समोर असायची आणि पोरगी रडकुंडीला यायची. अर्धं पान वाचेपर्यंत वरची ओळ पुसली जायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त तर ठीक आहे. पण कधीकधी असा ताप जाताना मागे काहीतरी ठेवून जातो. तिला झेपेल तेवढंच करू दे."

गुडवाइगच्या कानात 'ठीक आहे' तेवढंच शिरलं.

ईस्टर जवळ आला, सगळं गाव संत्री घेऊन वरच्या झोपड्यांत राहायला जायचे दिवस. शेजारचा हालस्टाइन कुंपणावरून ओरडला, "पोरीला बरणीतल्या हेरिंग माशासारखी मुरत ठेवलीयस की काय? वर घेऊन जा! झोपडीच्या भिंतीला टेकून ऊन खाल्लं की मेलेलासुद्धा उठून संत्रं मागतो."

"आई, मला नाही जमणार गं," योरुन म्हणाली.

"हळूहळू जाऊ. वाट मी स्वतः आखलीय. लोण्यासारखी आहे."

"तुझी वाट आहे म्हणून येते हं," ती हसली.

अर्ध्या वाटेवर योरुन काठीवर वाकून उभी राहिली. "थांबलीस की गारठशील," गुडवाइग म्हणाली. "ते वाकडं बर्चचं झाड दिसतंय ना, तिथवर चल." बर्च आला. "आता त्या दगडापर्यंत." दगड आला. मग झोपडी आली, ऊन आलं, संत्री सोलली गेली. योरुनच्या गालांवर लाली चढली होती.

"बघ, रंग आला की नाही?"

"आला गं बाई, आला!" योरुन म्हणाली.

गुडवाइगने फोटो काढून हालस्टाइनला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "सांगितलं नव्हतं?"

तिसऱ्या दिवशी झोपडीत योरुन उठली नाही. उजेड डोळ्यांत सुयांसारखा टोचत होता. आधी वस्तूंची नावं गेली, मग वाक्यं. बचावपथकाने तिला घसरगाडीला बांधून त्याच वाटेने खाली आणलं.

पुढचा ईस्टर आला तेव्हाही ती घरातल्या काळोख्या खोलीतच होती. तिने चादरीवर बोट एकदा टेकवलं म्हणजे थांब, दोनदा म्हणजे जा.

"मी वर नेलं म्हणून झालं का?" गुडवाइगने विचारलं होतं.

"आजारी ती आधीपासूनच होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही जण सावरतात. काही नाही. खरं सांगते, मला माहीत नाही."

गुडवाइगची झोप उडाली. यंत्र चालवताना ती वळणं विसरू लागली. ती तर रोजच बाहेर पडत होती. मन हलत नव्हतं.

हालस्टाइन दारात आला, हातात संत्र्यांची पिशवी. "अगं, तुझ्या घरापाशी वाटच तुटलीय! लोक तळ्याला वळसा घालून जातायत. यंत्र बिघडलं का?"

"नाही. यंत्राचा आवाज तिला सोसत नाही. काठ्यांचासुद्धा."

त्याने टोपी काढली. "ही संत्री घे. तिच्यासाठी."

"वास सोसत नाही."

"मग तू तरी चल वर. अगं, चेहरा बघ तुझा. एक चक्कर मारलीस की..." त्याने टोपी पुन्हा घातली. पिशवी परत घेऊन तो गेला.

गुडवाइग बूट काढून आत गेली, पलंगाशी जमिनीवर बसली. फक्त बसली. श्वाससुद्धा बेताने घेत होती.

बऱ्याच वेळाने चादरीवर बोट टेकलं. तिने वाट पाहिली. बोट पुन्हा टेकलं.

ती उठून बाहेर आली. खिडकीखाली बर्फ जसा पडला होता तसाच होता.