अण्णासाहेबांच्या कंबरेत तीन लाथा

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा येतोच आहे, तोवर ऐका. ज्या शिरस्तेदारसाहेबांच्या हाताखाली मी पुढे जन्मभर नोकरी केली, त्यांना मी माझी नोकरी कायम व्हायच्या आधीच लाथा घातल्या होत्या. एक नाही, तीन. त्यांच्याच ओसरीवर, दिवसाढवळ्या, त्यांच्या बायकोच्या देखत. आणि उठून त्यांनी मला पेढा दिला.

हसू नका. पेढ्यापर्यंत सगळं ठीकच होतं. घोळ पुढे झाला.

तेव्हा मी कल्याणच्या मामलेदार कचेरीत उमेदवार होतो. उमेदवार म्हणजे काय, हे आजकाल समजावून सांगावं लागतं. कारकुनाची सगळी कामं करायची, पण कारकून म्हणवून घ्यायचं नाही. जागा रिकामी होईपर्यंत कोपऱ्यात बसून नकला उतरवायच्या. मी दोन वर्षं बसलो होतो. माझ्याबरोबरचे दोघे कायम होऊन खुर्चीवर गेले, मी आपला सतरंजीवरच. लग्न झालेलं, जानकी सासरी येऊन सहा महिने झालेले, आणि मुरबाडच्या पलीकडच्या आमच्या गावाहून आईचा दर पंधरवड्याला निरोप, की विष्णू कायम झाला का? या प्रश्नाने मला अन्न गोड लागत नव्हतं. जागा मामलेदारसाहेब द्यायचे, पण द्यायची कोणाला हे सगळ्या कारकुनांचे वरिष्ठ अण्णासाहेब शिरस्तेदार सांगायचे.

तर एके दिवशी हे अण्णासाहेब खालच्या फळीवरचं दप्तर उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. कंबरेत उसण भरली. वर येता येईना, खाली बसता येईना. समोरच्या भिंतीकडे बघायचं म्हटलं तरी भुवया उचलाव्या लागत होत्या. त्याच अवस्थेत त्यांनी दोघांना कामावरून झापलं, तेव्हा माणूस किती कडक होता ते समजा.

सगळी कचेरी गोळा झाली. कोणी एरंडेल सांगितलं, कोणी म्हणालं धोंडा तापवून शेका. मग म्हातारा नाझर म्हणाला, हे सगळं राहू द्या, पायाळू माणूस शोधा.

पायाळू म्हणजे जो जन्मताना डोक्याने न येता पायांनी आला तो. अशा माणसाने सकाळी अनशापोटी, तोंडातून शब्द न काढता, कंबरेत तीनदा लाथ मारली की उसण जाते, हे आमच्या भागात कोणाला शिकवावं लागत नाही. अण्णासाहेबांनी जमिनीकडे बघतच विचारलं, "आहे का कोणी पायाळू?"

आणि मी म्हणालो, "मी आहे, साहेब."

खोटं नाही हो बोललो. मला मनापासून तसं वाटत होतं. लहानपणी गावात कोणाची कंबर धरली की पहाटेच आमच्या दारात हाक यायची. आई हाताला धरून न्यायची, कोणीतरी चटईवर पालथं पडलेलं असायचं, आणि परत येताना माझ्या तोंडात गुळाचा खडा असायचा. बरोबर माझा दादाही असायचा, पण तो मला फारसा आठवत नव्हता. गूळ लख्ख आठवत होता. आता गूळ मला मिळाला म्हणजे लाथ मीच मारली असणार, नाही का?

संध्याकाळी जानकीला सांगितलं. तिचे वडील भिवंडीला तालीम चालवायचे. कुस्तीत निखळलेले खांदे, मुरगळलेले घोटे, आखडलेल्या माना, सगळं तिच्या माहेरच्या पडवीत यायचं, आणि वडलांच्या हाताखाली शेक द्यायला, पट्ट्या बांधायला हीच. तिने ऐकता ऐकता फडक्यात मीठ बांधलं. नुसतं म्हणाली, "लाथ सकाळी मारा. आज ही मिठाची पुरचुंडी नेऊन द्या. तव्यावर गरम करून दोनदा शेकायला सांगा. मऊ गादीवर नका निजू म्हणावं, चटईवर निजा. उठताना आधी कुशीवर वळा, मग हातावर जोर देऊन उठा. आणि उठलात की बसून राहू नका, ओसरीवर हळूहळू चाला."

मी जाऊन हे सगळं अण्णासाहेबांना सांगितलं. कोणी सांगितलंय, तेवढं सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णासाहेब ओसरीवर पालथे पडलेले. मी अनशापोटी, ओठ घट्ट मिटून उभा. दाराआडून त्यांच्या पत्नी बघताहेत. तुम्हीच सांगा, ज्याच्या एका शब्दावर आपलं पोट अवलंबून, त्याच्या कंबरेत लाथ घालायला पाय उचलतो का? पहिली लाथ इतकी हळू बसली की त्यांना कळलीच नाही. ते म्हणाले, "मार ना रे, पाय का पुसतोस?" मग मारली. दुसरी बरी बसली. तिसरी, खरं सांगतो, फार बरी बसली. दोन वर्षांच्या नकला होत्या तिच्यात.

दुपारी अण्णासाहेब ताठ चालत कचेरीत आले. सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, पुढची जागा निघू दे, तुझंच नाव सुचवतो. मी हवेत.

आणि मग काय विचारता! आठ दिवसांत शेणाळ्याच्या तळ्याजवळच्या आमच्या दोन खोल्यांपुढे सकाळी रांग लागायला लागली. उसण तर उसण, पण लोक मनगट घेऊन आले, गुडघा घेऊन आले, मान घेऊन आले. मी सगळ्यांना लाथा मारल्या. मान धरलेल्या एका गृहस्थाला कुठे मारायची हा प्रश्न पडला, तेव्हा खांद्यावर निभावलं. मिठागरातला एक आगरी टोपली उचलताना पाठ धरलेला आला होता. मी बेताने पाय लावला तर म्हणाला, "जोरान मारा दादा, मना काय नाय व्हत."

लाथ झाली की दाराआडून जानकीचा हलका आवाज यायचा. घोटा मुरगळलेल्याला चोळू नका म्हणावं, सूज आहे तोवर नुसता आंबेहळदीचा लेप लावून बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. खांदा धरलेल्याला सांगा, भिंतीला बोटं लावून रोज थोडी थोडी वर चढवा. परक्या पुरुषांशी ती कशी बोलणार? म्हणून ती मला सांगायची आणि मी तेच गंभीर चेहऱ्याने मोठ्यांदा म्हणायचो. लोक बरे होऊन जायचे आणि माझ्या उजव्या पायाकडे आदराने बघायचे. मीही बघायचो. संध्याकाळी त्याला तेल लावायला लागलो होतो, इथपर्यंत मजल गेली होती.

अशी दोन महिने चैन चालली. मग एका सकाळी, रांगेत दहाबारा माणसं असताना, दारात बैलगाडी उभी राहिली आणि आई उतरली. सून नांदते कशी, ते बघायला आली होती. मी नेमका, पुन्हा पाठ धरून आलेल्या त्या आगऱ्याच्या पाठीवर पाय उचलून उभा.

"अरे, काय करतोयस हे?" आई किंचाळलीच. "माणसांना लाथा कसल्या मारतोस?"

मी अभिमानाने म्हणालो, "अगं, मी पायाळू नाही का?"

आई ओटीवर टेकली आणि तिने कपाळाला हात लावला. "तू कुठला पायाळू? तू चांगला डोक्याने आलास. पायाळू तुझा दादा. तुला घरी ठेवलं तर भोकाड पसरायचास म्हणून बरोबर न्यायचे, आणि तू मधे बोलू नयेस म्हणून तोंडात गूळ कोंबायचे."

रांगेतल्या एकाने पुढे केलेला गुडघा मागे घेतला.

आता गोम लक्षात घ्या. पायाळूने मारली तर ते औषध. पायाळू नसलेल्याने मारली तर ती नुसती लाथ. म्हणजे आईच्या त्या एका वाक्यासरशी दोन महिन्यांतली माझी सगळी वैद्यकी गेली आणि मागे काय उरलं? एका बिनपगारी उमेदवाराने अर्ध्या कल्याणला लाथा घातल्या, एवढंच. त्यात दोन सावकार होते, एक फौजदार होता.

आणि अण्णासाहेब होते. ते माझ्या दारातच उभे होते. मी पाहिलंच नव्हतं. मामलेदारसाहेबांना उसण भरली होती, आणि कचेरीत नेमकी त्याच आठवड्यात जागा निघाली होती. उद्या सकाळी साहेबांकडे चल, जागा तुझी, एवढं सांगायला ते मुद्दाम चालत आले होते. त्यांनी आईचं सगळं बोलणं ऐकलं होतं.

त्यांच्या चेहऱ्यावरून त्या तीन लाथा एकामागून एक परत जाताना मला दिसल्या. तिसरीपाशी ते जरा जास्त थांबले.

दोन वर्षं पाण्यात गेली, आता हा माणूस मला कचेरीची पायरी चढू देणार नाही. काही सुचेना, म्हणून धावलो आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलो. आणि कंबरेत अशी चमक निघाली म्हणता! उसण. मला. तिथेच.

अण्णासाहेब तुटकपणे म्हणाले, "पुरे. ऊठ."

मी उठलो नाही. त्यांचे घोटे दोन्ही हातांनी धरून तसाच राहिलो. सोडले असते तर तोंडावर आपटलो असतो. थोड्या वेळाने ते जरा नरमले. म्हणाले, झालं गेलं विसरून जा. तरी मी हललो नाही. मग म्हणाले, अरे, निदान माझे पाय तरी सोड. शेवटी मी खालूनच सांगितलं, "साहेब, उसण भरलीय."

रांगेत असं हसू फुटलं की शेजारचे बाहेर आले. तो आगरी पुढे झाला आणि अगदी मायेने म्हणाला, "दादा, आता आमी मारू?" त्याच्या मागे सगळी रांग उभी राहिली, फौजदारासकट. पायाळू कोणी नव्हतं, पण उत्साह दांडगा होता.

तेवढ्यात जानकी बाहेर आली. इतके दिवस दाराआड बोलणारी माझी बायको त्या सगळ्या पुरुषांसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कोणी हात लावायचा नाही. आणि पायही."

अण्णासाहेबांना तिने तसंच उभं राहायला सांगितलं, आणि अण्णासाहेब राहिले. मग घाई न करता तिने मला एकेक गुडघा टेकवायला लावला, कुशीवर घेतलं, चटईवर सरकवलं. पुरचुंडी तव्यावर गेली. हे सगळं होईतो पाऊण तास गेला. शेकता शेकता ती आईला सांगत होती, की मऊ गादी नको, उठताना आधी कुशीवर, मग हातावर जोर. अण्णासाहेब ऐकत होते.

"हे तर मलाही सांगितलं होतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "म्हणजे मला बरं हिने केलं?"

"हो, साहेब."

"मग त्या तीन लाथा कशाला होत्या?"

मी जानकीला सांगितलं, जरा डावीकडे शेक.

मामलेदारसाहेबांकडे त्या दिवशी लाथेऐवजी जानकीची पुरचुंडी गेली, सगळ्या सूचनांसह, आणि कोणाच्या सूचना तेही मी या वेळी सांगितलं. पाचव्या दिवशी साहेब चालायला लागले, सहाव्या दिवशी मी. आमच्या दारातली रांग पुढे कित्येक वर्षं टिकली, फक्त लोक आता वहिनी आहेत का विचारायचे आणि मी मीठ तापवायला बसायचो. तिचं काम बघत बसण्यात फार सुख होतं, हे मी तिला कधी सांगितलं नाही, आज तुम्हाला सांगतोय.

आणि जागा? मिळाली ना! मामलेदारसाहेबांनी बोलावून घेतलं आणि अण्णासाहेबांची शिफारस सगळ्या कचेरीपुढे वाचून दाखवली. माझ्या अक्षराबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं, दोन वर्षांच्या नकलांबद्दलही नव्हतं. एकच ओळ होती, "उमेदवार अत्यंत नम्र आहे. एकदा माझ्या पाया पडला तो पाऊण तास उठला नाही."