नाना आणि फसत गेलेला डाव

नाना माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे. आमच्या युनिव्हर्सिटीच्या बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाचे पाय ते स्टिअरिंगवर हात ठेवून न्याहाळत. आज कोण लंगडतोय, कोण कुणाशी भांडून आलाय, कोण पेपरात आपटलाय, हे बस फाटकाबाहेर पडायच्या आत सांगत. मी तिथे खेळ विभागात कोऑर्डिनेटर. ओळख होऊन चार दिवस झाले नव्हते तेव्हा मला म्हणाले, "साहेब, डाव्या टाचंवर जोर देऊन चालता तुम्ही. बूट बदला, न्हायतर कंबर धरंल." कंबर आधीच धरलेली होती.

सांगलीकडच्या एका गावात नाना तरुणपणी कबड्डी खेळले होते, डाव्या कोपऱ्याला. त्यांच्याबद्दलचं बाकी सगळं त्या कोपऱ्यातूनच आलेलं. "चढाईवाल्याच्या डोळ्यात बघायचं न्हाय, चवड्यात बघायचं," असं ते म्हणत. "खोटं बोलताना माणूस तोंड सांभाळतो. पाय सांभाळायचं ध्यानात राहत न्हाय." इथे अमिरातीत, अल ऐनमध्ये, ते एका ट्रान्सपोर्ट कंत्राटदाराच्या व्हिसावर ड्रायव्हर होते. पण टीमची किट रूम त्यांनी आपणहून अंगावर घेतली होती. हेल्मेटं पुसणं, पट्टे धुणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, सगळं. अमिराती, लेबनीज, मल्याळी, सगळी पोरं त्यांना नानाच म्हणत. कॅनडाहून आलेले आमचे कोचसुद्धा. "यल्ला हबीबी, टाइम हो गया, मेकअप बाद में," असं ओरडत नाना सगळ्यांना बसमध्ये कोंबत.

टीम अमेरिकन फुटबॉलची. लंबगोल चेंडू, खांद्यांना चिलखत, डोक्याला हेल्मेट. माझा मुलगा निहार इंजिनिअरिंगला तिथेच होता आणि पुढच्या फळीत खेळायचा. लहानपणापासून एकलकोंडा पोरगा. इथे पहिल्यांदा त्याच्या खांद्यावर कुणीतरी हात टाकलेला मी पाहिला. त्याचा हेल्मेटातला फोटो मी महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर इतक्या वेळा टाकला, की बायको म्हणाली, "अहो, आता लोक म्यूट करतील तुम्हाला." हे आज लिहायला लाज वाटते. पण पुढचं जे घडलं त्यात या फोटोंचाही वाटा आहे, म्हणून लिहितो.

त्या वर्षी आमचा एक डाव सारखा फसत होता. त्याला स्क्रीन पास म्हणतात. पुढच्या फळीतली पोरं समोरच्यांना अडवल्यासारखं करून मुद्दाम आत सोडतात. समोरचे खुशीत धावत येतात, आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून बाजूच्या गड्याकडे जातो. मग हीच फळी त्याच्यापुढे भिंतीसारखी धावते. सगळा डाव फसवण्यावर उभा. पण आमच्या डावाला कुणी फसतच नव्हतं. चेंडू सुटायच्या आत समोरचे दोघंतिघं नेमके तिथे जाऊन उभे. कोच पहिल्यांदा ओरडले, नंतर गप्प झाले. गप्प झालेला कोच वाईट.

कारण नानांना तिसऱ्याच मॅचला कळलं. कडक चहाचा कागदी कप माझ्या हातात देत ते हळूच म्हणाले, "साहेब, आपल्या निहारचा हात बघा."

"काय झालं हाताला?"

"काय न्हाय झालं, तेच तर. एरवी खाली वाकून हात टेकतो तेव्हा समदा भार बोटांवर असतो. नखं पांढरी होत्यात. ह्या डावाच्या वेळी नुसता गवताला लावतो. पुढं रेटायचंच न्हाय ना त्याला, मागं सरायचं असतं. समोरचा गडी हातभर अंतरावर, त्याला नखं दिसत्यात. पोरगं गुणी आहे, पण हात खोटं बोलत न्हाय त्याचा." मग हसून म्हणाले, "मी सांगू त्याला? दोन दिवसांत काढतो ही खोड."

मी म्हणालो, "नको नाना. मी सांगतो. तुम्ही कुणाजवळ बोलू नका."

मी सांगितलं, ते अर्धवट. जेवताना म्हणालो, "हातावर जरा भार देत जा." निहार फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "बाबा, प्लीज. यू डोन्ट नो द गेम." मी विषय सोडला. नानांनी पाहिलंय एवढं म्हणालो असतो तर त्याने ऐकलं असतं. नानांचं तो ऐकायचा. पण मुलाची चूक ड्रायव्हरने मला दाखवावी, हेच मला टोचलं होतं. शिवाय कोचनी फळीला बजावलं होतं, ज्याच्यामुळे डाव उघडा पडतोय तो सापडला की बाकावर बसेल. निहार बाकावर बसलेला मला बघायचा नव्हता. त्याच्यासाठी की ग्रुपसाठी, हे मी अजूनही खात्रीने सांगू शकत नाही.

मग कोचना वाटायला लागलं की आपले डाव बाहेर जाताहेत. प्रत्येक खेळाडूच्या मनगटावर डावांचं छोटं कार्ड असायचं. मॅचनंतर ती कार्डं, ते पट्टे नाना गोळा करत. आणि दुबईच्या टीमच्या ड्रायव्हरजवळ उभं राहून हातवारे करत बोलताना त्यांना कुणीतरी पाहिलं होतं. नाना त्याला कबड्डीतली घोट्याची पकड दाखवत होते. मी शेजारीच उभा होतो.

मीटिंग माझ्याच ऑफिसात झाली. कोच, मी आणि नाना. नाना खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. कोचनी सरळ विचारलं, कार्डं कुणाला दाखवतोस? मी हिंदीत भाषांतर केलं, मराठीत नाही. मराठीत विचारायला माझी जीभ वळेना. नाना म्हणाले, "नहीं साब, किसी को नहीं." मग कोच माझ्याकडे वळले. "तू टीमबरोबर असतोस. डाव फसण्याचं दुसरं काही कारण तुला दिसतं?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. पायांकडे नाही, तोंडाकडे. एका वाक्यात ते स्वतःला सोडवू शकले असते. पण कुणाजवळ बोलू नका असं मी सांगितलं होतं, आणि पोरगा माझा होता.

मी म्हणालो, "नो आयडिया."

कंत्राटी माणसाला काढायला चौकशी लागत नाही, एक मेल पुरते. कंत्राटदाराला ती मीच लिहिली. 'टीमची गोपनीय माहिती बाहेर दिल्याचा संशय' असे शब्द घातले. कोचनी इतकं सांगितलंही नव्हतं, फक्त माणूस बदला म्हणाले होते. कारण भक्कम दिसावं म्हणून ते माझ्या पदरचं. कंत्राटदाराने व्हिसा रद्द केला. खलास.

निघायच्या दिवशी नाना किट रूमची किल्ली द्यायला आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"पोराला सांगितलंत का?"

"सांगतो नाना."

"सांगा. शुक्रवारची टीम तगडी आहे." एवढंच. दाराशी थांबून म्हणाले, "शारजात भाच्याकडं हाय, रोल्लाला. देश सोडायची मुदत संपेस्तोवर दुसरं काम बघतो." मी इन्शाल्ला म्हणालो. इथे वीस वर्षं काढल्यावर काही करायचं नसलं की तोंडात हाच शब्द येतो.

शुक्रवारी नाना नव्हते आणि स्क्रीन पास पहिल्याच खेपेला फसला. आठवड्याभरात कोचनी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला आणि निहारचा हात त्यांना सापडला. निहार दोन मॅच बाकावर बसला. फक्त दोन. तिसऱ्या मॅचला तो परत खेळला आणि डाव जमला. ज्याच्यासाठी मी माणूस घालवला ते एवढंसं होतं.

हात सापडला त्याच दिवशी कोच माझ्या टेबलापाशी आले. मोठा माणूस, पण खाली बघत म्हणाले, "म्हातारा निर्दोष होता. परत बोलावता येईल?"

नाना तेव्हा शारजात होते. आदल्या दिवशी त्यांचे दोन मिस्ड कॉल येऊन गेले होते. पण ते परत आले असते तर कधीतरी कोचशी बोलले असते, आणि मला सगळं माहीत होतं हे उघड झालं असतं. मी म्हणालो, "इट्स टू लेट. ही हॅज लेफ्ट." पहिल्यांदा मी मुलासाठी खोटं बोललो असं स्वतःला समजावता येत होतं. या खेपेला मुलगा मध्ये नव्हता.

याला तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात निहार नोकरीसाठी अबुधाबीला निघाला. सामान बांधताना म्हणाला, "नानांनी मला तो हात तेव्हाच दाखवला असता ना? ही सॉ एव्हरीथिंग." मी बॅगेची चेन लावत होतो, ती तशीच सोडली आणि सगळं सांगितलं. तो दुसऱ्या बॅगेवर बसला. मग म्हणाला, "यू न्यू? अँड यू लेट हिम गो?" आणि मग मराठीत, जे तो क्वचित बोलतो, "बाबा, फोन करा त्यांना. आत्ता."

नानांनी लगेच फोन उचलला. मागे पोरींचा कबड्डी-कबड्डी असा दम घुमत होता. गावच्या शाळेतल्या मुलींना शिकवतात म्हणाले. मी धीर करून म्हणालो, "नाना, त्या मीटिंगमध्ये मला खरं कारण माहीत होतं."

"व्हय की. मीच सांगितलं होतं तुम्हाला."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं, पण फार वेळ नाही. "साहेब, मला सांगून काय व्हनार? मला ठावं हायच. त्या कंत्राटदाराच्या कागदावर माझ्या नावाफुडं चोर असल्यागत लिवलंय. भाचा दोन जागी बोलला माझ्यासाठी. दोन्हीकडं त्यांनी कंत्राटदाराकडं इचारलं आन् न्हाय म्हनले. आता वय झालं, यायचं बी न्हाय मला. पर ते पुसा तेवढं."

मी लॅपटॉप उघडला. कोच, विभागप्रमुख आणि कंत्राटदार, तिघांना एकच मेल लिहायला घेतली. नाना म्हणाले, "वाचून दावा. मराठीत." मी इंग्रजी लिहीत गेलो आणि फोनवर मराठी सांगत गेलो. "सदर कर्मचाऱ्याबाबत त्या वेळी एक गैरसमज झाला होता..."

"कुनाचा?" नाना म्हणाले.

"म्हणजे?"

"गैरसमज कुनाचा झाला होता? तुमचा?"

निहार समोर बॅगेवर बसून माझ्याकडे बघत होता. मी ते वाक्य खोडलं. दुसरं लिहिलं: त्यांनी काहीही केलेलं नव्हतं, हे मला तेव्हाच ठाऊक होतं, आणि मी खोटं बोललो. हे मी घाईघाईत वाचून टाकलं. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पलीकडे नानांनी पोरींना क्षणभर गप्प बसायला सांगितलं असावं, कारण दम घुमायचा थांबला होता.

"हां," ते म्हणाले. "आता धाडा."