भट्टीघरातला खडा

सोलापूर स्टेशनात मेल पुरती थांबण्याआधीच सखूआक्का भाकऱ्यांचे गाठोडे उराशी धरून पळू लागली. मी तिला ओढून बाकावर बसवले. मोडनिंबची ही बाई आमच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. आगगाडीत कधी बसली नव्हती. तिचा मुलगा तुका महायुद्धात लढाऊ बोटीवर भट्टीत कोळसा टाकायला गेला आणि वाफेने भाजून मेला. प्रेत समुद्रात सोडले. जीवखडा (मृताच्या नावाने दहा दिवस पुजायचा दगड) नाही, म्हणून त्याचा दहावा राहून गेला. आता ती बोट मुंबईच्या बंदरात लोकांना पाहायला ठेवली आहे, आणि तिच्यात भूत आहे, हे कळल्यापासून आक्काचा एकच धोशा होता.

"बाई, त्यो माझाच हाय. तितला खडा आणायचा मला."

"लोखंडाच्या बोटीवर खडा कुठला, आक्का?"

"बगू की."

गाडीत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली. समोरच्या गुजराती शेठजींनी हौसेने चटणी मागून घेतली आणि आमचा पाण्याचा तांब्या रिकामा केला.

गोदीतून मचव्याने (लहान होडीने) बोटीकडे निघालो. मला ओकारी झाली, आक्काला काही नाही. घासलेल्या तोफा, दोरीआड कप्तानाची खुर्ची, सारे कासमचाचांनी दाखवले. हे म्हातारे तांडेल (खलाशांचे मुकादम). भट्टीघराच्या शिडीशी ते आवाज उतरवून म्हणाले, "खाली कुणीतरी अजून कोळसा ओढतो. ऐका."

बोट डुलली आणि लोखंडामागे खर्र झाले. दोन कॉलेजकुमार हसले. त्यांतला एक मात्र चटकन मागे सरला. आक्का शिडी उतरू लागली.

"बाय, खाली मनाई आहे!"

"माझं पोरगं हाय तितं."

कासमचाचांनी कंदील उचलला. मग तेच तिच्यापुढे उतरले.

खाली सगळे धुऊन रंगवलेले. खडा सोडाच, कचराही नव्हता. आक्काने भिंतीला हात टेकून हाक मारली, "तुका, चल रं घरी." पुन्हा खर्र. मी आवाजाच्या मागाने जाऊन कोळशाच्या कोठाराच्या फटीत हात घातला. तळाशी राहिलेले थोडे कोळसे बोट हलली की घरंगळत होते. आता हे हिला कसे सांगावे? पण ती शेजारीच उभी होती. तिने हात घालून एक कोळसा काढला.

"ह्यो बगा खडा."

"इथली वस्तू नेता येत नाही, बाय. आणि आवाज गेला तर इथे येईल कोण?"

"आत लई हायती. तुमचं भूत तुमाला ऱ्हाऊ द्या. माझं मला न्यू द्या."

कासमचाचा आमच्याकडे पाठ करून कंदिलाची वात नीट करू लागले. आक्काने कोळसा पदरात बांधला.

सोलापुरात तळ्याकाठी भटजी अडले. "कोळसा कसा चालेल?"

"मरताना त्याच्या हाताशी हाच होता," मी म्हटले. त्यांनी तो मांडला. दहाव्याला आक्काने तो पाण्यात सोडला, हात धुतले आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला उभी राहिली.

मुंबईला गेलात तर बोट जरूर पाहा. भट्टीघरात खर्र ऐकू येईल. भिऊ नका, हसूही नका. तुका मात्र तिथे नाही. त्याला आम्ही घरी आणले आहे.