शनिवारच्या बसने जाणारा पाव

आमच्या गावात माणूस किडनीने मरतो. सावा नदीच्या या काठावर पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय. मी स्टिपान, इथला न्हावी. अंगावर तांबूस कळा चढलेल्या कितीतरी ओळखीच्या माणसांची शेवटची दाढी मी केली. आता माझाही नंबर लागलाय. दिवसाआड दवाखान्याची गाडी येते आणि मला व एवाला उचलून शहरात नेते. तिथे आमचं रक्त यंत्रातून धुऊन निघतं, आणि तोवर आम्ही शेजारच्या खुर्च्यांत पडून एकमेकांचं डोकं खातो.

एवा मूळची वरच्या डोंगरातली. तिकडे हा आजार नाही. मार्यानशी लग्न करून खाली यायला निघाली तेव्हा बाप म्हणाला होता, "जातेयस तर काळे कपडे आत्ताच शिवून ने." तरी ती आली. मार्यान चाळिशी ओलांडताच याच आजाराने गेला, आणि पुढे हिच्याही किडन्या बसल्या. तेव्हापासून एकच प्रश्न तिच्या डोक्यात भुंग्यासारखा फिरत होता. हे रक्तातून येतं म्हणावं तर तिचं रक्त डोंगरातलं. शाप म्हणावा, तर तिने कुणाचं काय घोडं मारलं होतं? या प्रश्नापायी वयाच्या सत्तरीत बाई स्वतःची कहाणी लिहायला बसली.

"आत्मचरित्र? तू काय कुठली राणी लागून गेलीस गं?" मी म्हटलं.

"गप रे मेल्या. तुझं तोंडच यंत्राला जोडायला हवं होतं. निदान तेवढं तरी स्वच्छ झालं असतं."

पुस्तकाचं शेवटचं वाक्य तिने सगळ्यात आधी लिहून ठेवलं होतं : पण माझा व्लादो सुटला. त्या एका वाक्यासाठी तर बाकीचं सगळं लिहिणं चाललं होतं. व्लादो तिचा एकुलता एक मुलगा. बाप गेल्यावर तिने अठराव्या वर्षी त्याला राजधानीत, झाग्रेबला पिटाळलं. तेव्हा सगळेच म्हणायचे, विहिरीच्या पाण्यात काहीतरी आहे. म्हणून तो सुट्टीला आला तरी तिने त्याला इथल्या पाण्याची चूळही भरू दिली नाही. पोरगं पाण्याच्या बाटल्या घेऊन यायचं आणि अख्खं गाव हसायचं. मीही हसायचो.

पाव मात्र घरचाच. शहरात गेलेल्या पोराने दुकानातला पाव खायचा म्हणजे आमच्याकडे आईची नाचक्की. दर शनिवारी बस सुटायच्या आधी बायका स्वच्छ फडक्यात बांधलेले पाव ड्रायव्हरच्या हवाली करायच्या, आणि झाग्रेबच्या स्टॅन्डवर आमची पोरं ताटकळत उभी असायची. एवाचा पाव गावात नावाजलेला. गहू स्वतःच्या शेतातला, दळण गावच्या गिरणीतलं, आणि भाजणं असं की वास रस्त्यापर्यंत. गावची गिरणी बंद पडेपर्यंत तिचा एकही शनिवार चुकला नाही.

पावाचं प्रकरण तिने मला खुर्चीत पडल्या पडल्या वाचून दाखवलं. अख्ख्या पुस्तकात सुखाचं म्हणावं असं तेवढंच. आम्ही पार कुंपणाच्या कडेपर्यंत कापणी करायचो, असं तिने लिहिलं होतं. कडेला लांडगापाऊल नावाचं रानटी झाड माजलेलं असायचं, तेही गव्हाबरोबर कापलं जायचं. त्याचं बी चाळणीतून गळायचं नाही, निवडायला वेळ कुणाला? देवाने पिकवलं ते देवाचं, म्हणून सगळं एकत्र दळायचो.

डॉक्टर यास्ना नळी तपासत होती. पोरसवदा मुलगी, आमच्यावर जीव आहे तिचा. तिचा हात थांबला.

"आजी, परत वाचा. कुठलं बी?"

एवाने कौतुकाने परत वाचलं. तिला वाटलं, डॉक्टरीणबाईला आवडलं. यास्ना स्टूल ओढून बसली आणि तिने सांगितलं, की दोष पाण्यात नव्हता. संशोधकांनी आता शोधून काढलंय. विष त्या रानटी झाडाच्या बियांत होतं, आणि ते पिठातून पोटात गेलं. एकदा गेलं की वीस-तीस वर्षं दबा धरून बसतं.

एवाने हातातली पानं उलटी करून ठेवली.

"पण मी त्याला पाणी नाही पाठवलं," ती म्हणाली. "थेंबभरसुद्धा नाही."

यास्नाला यातलं काही माहीत नव्हतं. मला होतं. मी तोंड फिरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाला मनातल्या मनात घाणेरडी शिवी दिली. बाईने एवढंच तर विचारलं होतं, की का? उत्तर द्यायचंच होतं तर हे द्यायचं?

सर्व संतांच्या दिवशी व्लादो बापाच्या थडग्यावर फुलं वाहायला आला. बरोबर विशीतली लेक होती, मिर्ना. ती फुलं घेऊन पुढे थडग्याकडे गेली. मी थडग्यावर लावायच्या मेणबत्त्या द्यायला एवाच्या घरी गेलो होतो, तर तिने मलाही बसवून घेतलं. एकटीने सांगायचं तिला बळ नव्हतं. तिने एक पान वाचलं. कुंपण, बी, गिरणी, शनिवारची बस. आवाज कुठेही अडखळला नाही, आणि तेच मला ऐकवत नव्हतं.

व्लादो टेबलाची कड नखाने खरवडत होता.

"आई, तुला सांगणार नव्हतो. वसंतात तपासणी केली. माझ्याही किडन्या आकसायला लागल्यात."

"मी केलं हे."

"तुझा काय दोष गं? तुला थोडंच माहीत होतं?"

"दोष नाही म्हणू नकोस रे," एवा ओरडली. "तेवढं तरी ठेव माझ्याकडे. नाहीतर मी कुणावर चिडू?"

त्याने तिचा हात धरला. त्या हाताच्या शिरा सुयांनी फुगलेल्या होत्या. मग ती थोडी शांत झाली, आणि माणूस बुडताना मिळेल ते पकडतो तसं तिने विचारलं, "पण तो पाव तू एकटाच खायचास ना, व्लादो? तुझ्या बायकोला तर आवडत नव्हता."

"तिला नाही आवडायचा."

"मग एकटाच ना?"

व्लादोने खिडकीतून मिर्ना गेली त्या वाटेकडे पाहिलं. मी उठलो, टोपी शोधली. पण गेलो नाही.

"मिर्नाला दुसरा पावच चालायचा नाही, आई," तो म्हणाला. "दात येत होते तेव्हा तुझ्या पावाची कडच द्यायचो चघळायला."

"आणि गिरणी बंद पडली तेव्हा? तेव्हा ती कितवीत होती?"

"आठवीत."