मिरचीची रोपं वहिनीला देऊ की नको?

मंडळी, आज डोकं पार चक्रावलंय.

मोखाड्याहून माझी वहिनी आली, मिरचीची रोपं न्यायला. वाफ्यातली रोपं उपटून मी जुडी बांधली. मग वाफ्याशेजारच्या मोठ्या मिरचीचं एक फूल सहज पांढऱ्या कागदावर झटकलं, तर बारीक काळे किडे पळायला लागले. फुलकिडे! पण आपले नेहमीचेच, की झाडांत विषाणू पसरवणारे ते बाहेरून आलेले?

जव्हारच्या शेती-औषधाच्या दुकानदाराला फोटो पाठवला. तो म्हणाला, "काळे म्हणजे ते बाहेरचे नवेच." कृषी सहायक ताई म्हणाल्या, "नुसत्या रंगावरून नाही कळत, सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागेल."

वहिनीला म्हटलं, "नको नेऊ, रोग जाईल तुमच्याकडं."

ती हसायलाच लागली. "ताई, असले किडे तं आमच्या मिरचीवर कवाचे आहेत. गेल्या साली तुम्ही आमच्याकडूनच रोपं आणली ना?"

आता सांगा, मी तिला रोग देतेय, की तिचाच तिला परत करतेय?

माहेरच्या माणसाला रोपं नाही म्हणायची आपल्याकडं रीत नाही. वहिनी सकाळच्या एसटीनं निघणार. जुडी ओट्यावर पडलीय. चुलीत घालू, की तिच्या पिशवीत?