बटईचं प्रकरण

चौऱ्याऐंशी सालच्या जूनमध्ये जालना स्टेशनावर मला पोचवायला दोघं आले होते: माझे वडील अप्पा आणि माझा लहानपणापासूनचा दोस्त सलीम. हैदराबादला एम.ए.साठी प्रवेश सलीमलाही मिळाला होता. पण महिनाभर आधी त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला आणि तो आमच्या गावी, टेंभुर्णीतच राहिला. गाडी हलली तेव्हा अप्पा म्हणाले, "खर्चाचं पाहू नको. बराबर शिक." मग वळून त्यांनी सलीमच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं चालू लागले. तसा हात माझ्या खांद्यावर कधी पडल्याचं मला आठवेना. खिडकीत बसून मी जळत होतो.

अप्पांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. ती लिपी त्यांनी आम्हा दोघांना एकाच पाटीवर शिकवली. सलीमचा हात लवकर वळला. माझी अक्षरं अप्पा पुसून पुन्हा काढायला लावत. त्याच उर्दूच्या बळावर मी पुढे अरबी शिकलो, व्याज वर्ज्य मानणाऱ्या इस्लामी अर्थव्यवहारावर पीएच.डी. केली आणि क्वालालंपूरच्या एका विद्यापीठात शिकवायला गेलो. मराठ्यांच्या घरातला माणूस हा विषय शिकवतो, याचं तिथे सगळ्यांना नवल वाटे.

तिकडे फ्लॅट, सेमिनार, व्हिसाच्या रांगा. घरून पत्रं येत, त्यात निम्मा सलीम असे. सलीम झेडपीच्या शाळेत लागला. सलीमनं डोळे दाखवायला जालन्याला नेलं. अप्पांना दिसेनासं झालं, तेव्हा पत्रातलं अक्षरही सलीमचंच येऊ लागलं. ती पत्रं मी दुसऱ्यांदा वाचत नसे.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात गावी आलो. ओट्यावर अप्पांना माझा विषय समजावून सांगत होतो. भांडवल एकाचं, मेहनत दुसऱ्याची, नफा ठरल्याप्रमाणे वाटायचा. पण तोटा कुणी सोसायचा? अप्पांना काही उमगेना. शेजारी सलीम चहा पीत बसला होता. तो म्हणाला, "अप्पा, आपली बटईच हाये ही. पीक बुडलं तर मालकाचं बियाणं गेलं अन् करणाऱ्याची मेहनत गेली. दोघांचंबी गेलं, म्हणून भांडण न्हाई."

अप्पा खुलले. मला म्हणाले, "पाह्य, हा कसा जल्दी समजावतो."

ते कौतुक मला सोसलं नाही. परत गेल्यावर सलीमचं बोलणं मी माझं म्हणून लिहिलं. माझ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण तेच. पुढे लहान शेतकऱ्यांशी मोबाईलवरून असे भागीदारीचे करार करायची पद्धत आम्ही मांडली, तिचा पायाही तोच. मी प्रोफेसर झालो. पुस्तकाच्या ऋणनिर्देशात टायपिस्टचंसुद्धा नाव आहे, सलीमचं नाही. हे सुचलं कुठून, असं परिषदेत कुणी विचारलं की मी सांगे, आमच्या शेतावर.

दोन हजार सहाला अप्पा गेले. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. खांदा सलीमनं दिला होता. त्या संध्याकाळी मी त्याला सगळं सांगून टाकलं. तो जरासुद्धा दचकला नाही.

"मला माहीत हाये," तो म्हणाला. "तू पाठवलेलं पुस्तक मीच मराठीत करून अप्पाला वाचून दाखवलं."

"मंग अप्पाला कळलं?"

"न्हाई. पहिलं प्रकरण म्या सोडून देलं. म्हणलं, ते लई अवघड हाये, आपण पुढून वाचू."

मला शरम वाटली, पण तिच्याखाली जुनी आग होतीच. अप्पांच्या नजरेत माझी लाज राखली, तीही यानंच. पुढच्या आवृत्तीत मी त्या प्रकरणावर त्याचं नाव घातलं. त्यानं ते पाहिलं, हसला आणि शाळेला उशीर होतोय म्हणून निघून गेला.

आता क्वालालंपूरला माझं स्वतःचं घर आहे. तरी गाव कुठलं विचारलं की तोंडात टेंभुर्णीच येतं. वर्षाआड जातो. आमच्या घराची किल्ली सलीमकडे असते. ती मागायला त्याच्या दारात उभा राहिलो की आजही माझ्या पोटात दुखतं.